बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंत

वडीलधाऱ्यांसाठी घरात इमर्जन्सी बेल बसवायची म्हटलं की लोक आधी मोबाइलवर वस्तू बघायला लागतात. आम्ही आधी बाथरूमच्या फरशीवर आडवे होतो. फरशी कोरडी करायची, दार लोटायचं आणि कमोड अन् नळ यांच्या मधल्या जागेत कुशीवर पडून हात कुठवर पोचतो ते बघायचं. उभ्या माणसाला जे हाताशी वाटतं, त्यातलं जवळजवळ काहीच पडलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. एक खांदा अंगाखाली दबलेला असतो. मोकळा हात जेमतेम दीड-दोन फूट वर जातो, आणि मनगट दुखावलं असेल तर तेवढाही नाही.

हे काम केलं ते पुण्यात, जुन्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आजी ऐंशीच्या पुढच्या, आजोबांना ऐकू कमी, मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला. अशी घरं आता कोथरूडपासून ठाण्यापर्यंत प्रत्येक जिन्यात एक-दोन सापडतील.

बाथरूममध्ये दोन ठिकाणं ठरवली. एक बटण कमोडच्या बाजूच्या भिंतीवर, बसल्या बसल्या हात जाईल अशा उंचीवर. दुसरं त्याच्याखाली, फरशीपासून साधारण वीतभर वर. एवढ्या खालच्या बटणावर आंघोळीचं पाणी उडणारच, त्यामुळे पाणी सोसणारं बटण घ्यावं लागतं. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर ते फक्त शिंतोडे सोसतं. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. खालच्या जागेला आयपी६७चंच हवं. सोबत मिळणारी दुहेरी चिकटपट्टी ओल्या टाइलवर दोन महिनेही टिकत नाही. टाइलला भोक पाडून प्लास्टिकचा प्लग आणि गंजणार नाही असा स्टीलचा स्क्रू वापरायचा. वायरचं, घरच्या विजेवर चालणारं बटण बाथरूममध्ये नकोच. सेलवर चालणारं वायरलेस घ्यायचं.

बटणाऐवजी ओढायची दोरी लावली तर आणखी बरं, कारण दोरी आडव्या हातालाही सापडते. इंग्लंडमधल्या सार्वजनिक इमारतींत अपंगांच्या स्वच्छतागृहात लाल दोरी असते. तिला दोन कडी असतात, एक बसल्यावर हाताशी येईल अशी आणि दुसरी जमिनीपासून १०० मिलिमीटरवर. हेच माप घरी उचलायला हरकत नाही. दोरी नायलॉनची घ्यावी. सुती दोरी भिजते, काळी पडते आणि मग कुणीतरी स्वच्छतेच्या नावाखाली ती वर गुंडाळून ठेवतं. गुंडाळलेली दोरी असून नसल्यासारखी. या घरात कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं, की फरशी पुसताना दोरी बाजूला करा, पण खुंटीला अडकवू नका. तरी दोनदा ती खुंटीलाच सापडली. शेवटी खुंटीच काढली.

गळ्यातल्या बटणाची गंमत वेगळी. कंपन्या फोटोत ते कायम गळ्यातच दाखवतात, प्रत्यक्षात ते देवघराजवळच्या खिळ्याला लटकलेलं असतं. आंघोळीला जाताना काढतात, झोपताना टोचतं म्हणून काढतात आणि बाहेर जाताना ‘लोक काय म्हणतील’ म्हणून काढतात. म्हणजे पडण्याची शक्यता जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच ते अंगावर नसतं. पण पुरुषांची ही पिढी जानव्याला किल्ली अडकवणारी आहे, त्यामुळे आजोबांना बटण जानव्यात ओवून दिलं तर ते तिथेच राहिलं. आजींना गळ्यात मंगळसूत्र आणि तुळशीची माळ असताना तिसरं काही नको होतं. त्यांना मनगटावर घड्याळासारखं बांधायचं बटण दिलं. ते त्या आंघोळीतही काढत नाहीत, कारण बांगड्याही काढत नाहीत. ज्या सवयीला वस्तू चिकटवता येते, तीच वस्तू टिकते. गळ्यातली दोरी घेतलीच तर झटका बसल्यावर सुटणारी घ्या, कॉटच्या कठड्यात अडकली तर गळफास बसायला नको.

बटणांच्या पुढचा प्रश्न असा, की ती वाजणार कुठे? सर्वांत साधा प्रकार म्हणजे वायरलेस बेल. बटण या घरात आणि सॉकेटमध्ये बसणारा रिसीव्हर समोरच्या शेजाऱ्यांकडे. हजाराच्या आतबाहेर काम होतं. खोक्यावर ‘१०० मीटर’ लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या मैदानावरचं माप. आरसीसीच्या दोन भिंती, लोखंडी सेफ्टी डोअर आणि मध्ये लिफ्टची विहीर आली की ते पंधरा-वीस मीटरवर येऊ शकतं. म्हणून रिसीव्हर आधी हातात धरून शेजाऱ्यांच्या घरात चार ठिकाणी फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी बाथरूमचं दार बंद ठेवून खालचं बटण दाबून बघायचं. इथे फ्रिजच्या मागच्या सॉकेटमध्ये बेल दहापैकी सहाच वेळा वाजली. दोन फूट बाजूला, टीव्हीच्या वरच्या सॉकेटमध्ये ती दहाच्या दहा वेळा वाजली. दहातून एकदा चुकली तरी जागा बदलायची.

रिसीव्हर घेतल्यावर आणखी एक गोष्ट करून बघावी. बटण जोडून झालं की प्लग काढायचा, पाच मिनिटांनी परत लावायचा आणि बटण दाबायचं. काही स्वस्त रिसीव्हर लाइट गेली की कोणत्या बटणाशी जोडलंय तेच विसरतात. असला निघाला तर त्याच दिवशी परत करायचा. सूर निवडताना शेजाऱ्यांच्या दाराच्या बेलपेक्षा अगदी वेगळा, कर्कश असा निवडायचा. गोड सूर लावला तर तिकडे मिक्सर चालू असताना कुणाला कळणार नाही. आवाज पूर्ण ठेवायचा आणि शेजारच्या वहिनींना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असताना ऐकू येतो का, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

या बेलची दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे ती काही सेकंद वाजते आणि गप्प होते. वहिनी तेव्हा गॅलरीत असतील तर संपलं. दुसरं दुखणं सॉकेटचं. मोबाइल चार्ज करायचा म्हणून कुणीतरी रिसीव्हर उपसतं आणि परत लावायला विसरतं. हे इतकं होतं, की आम्ही आता रिसीव्हरसाठी वेगळा मल्टीप्लग आणतो आणि रिसीव्हरवर लाल पट्टी चिकटवतो. तरीही एकट्या बेलवर विसंबू नये. दुसरा रिसीव्हर वरच्या किंवा खालच्या मजल्यावर हवाच, कारण समोरचे लोक दिवाळीत गावी जातात आणि नेमके तेव्हाच आजी-आजोबा घरात एकटे असतात.

म्हणून बेलच्या जोडीला सिमकार्डवर चालणारा अलार्म बसवला. बटण दाबलं की तो साठवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन लावतो आणि त्याच्या स्पीकरवरून बोलता येतं. इथे निम्मे घोटाळे सिमचे होतात. बरीच स्वस्त यंत्रं अजून २जीवर चालतात आणि जिओकडे २जी नाहीच, म्हणजे त्यात जिओचं सिम घातलं की दिवा लुकलुकत राहतो आणि फोन काही लागत नाही. अशा यंत्राला एअरटेल किंवा व्होडाफोन-आयडियाचं (व्ही) सिम लागतं. नाहीतर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, चालणारं ४जी यंत्रच घ्यावं, पुढच्या काही वर्षांचा विचार केला तर तेच शहाणपणाचं. सिमला पिन लावलेला असेल तर आधी साध्या फोनमध्ये घालून तो काढून टाकायचा, नाहीतर लाइट जाऊन आली की यंत्र पिन मागत बसतं. रिचार्ज संपला की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात, आणि ते नेमके हवे त्या दिवशी कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावलं आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली. असल्या सिमला डेटा नकोच असतो, त्यामुळे वर्षभराचा तसला पॅक एकदाच मारायचा आणि संपायची तारीख मुलीच्या फोनमध्ये पंधरा दिवस आधीची लावून ठेवायची.

घरच्यांना फोन करून आजींशी बोलता यावं म्हणून हे यंत्र येणारा फोन आपोआप उचलतं. सोय चांगली, पण कर्ज विकणारे फोनही ते तितक्याच तत्परतेने उचलतं. दुपारी दीड वाजता हॉलमध्ये एकदम एक बाई पर्सनल लोनची माहिती सांगायला लागली तेव्हा आजोबांना ऐकू आलं नाही, आजींना मात्र घाम फुटला. साठवलेल्याच नंबरांचा फोन उचलायची सोय यंत्रात असते. ती पहिल्याच दिवशी चालू करायची.

वायफायवरची बटणंही आहेत, अमेरिकेतल्या मुलाच्या फोनवर थेट घंटा वाजते. पण लाइट गेली की राउटर गेला. पूर्वी तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून यायची, म्हणून घरातली लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबर आल्यावर ते संपलं आणि आपल्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ब्रिटनमध्ये जुन्या टेलिफोन लाइनी बंद करायची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली गेली, त्यात या लाइनींवर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अलार्मची काळजी हे मोठं कारण होतं. वायफायचं बटण घेणार असाल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना पुरेल असा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. एकालाच लावून उपयोग नाही.

पडल्याचं आपोआप ओळखणारं घड्याळ हवं, असा मुलाचा आग्रह होता. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. जोरात पडल्याचं जाणवलं आणि नंतर मिनिटभर हालचाल नसेल तर ते स्वतः मदतीला फोन लावतं. चांगली सोय आहे, पण भिंतीला धरून हळूहळू खाली घसरणारं माणूस त्याला ‘पडलं’ असं वाटेलच असं नाही, आणि म्हातारी माणसं बरेचदा तशीच पडतात. शिवाय ते रोज चार्ज करावं लागतं. बटणातला सेल काही महिने ते वर्ष चालतो. ज्यांना बटण दाबायचं भान राहत नाही, स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्या घरात मात्र बटणापेक्षा हालचाल टिपणारा सेन्सर उपयोगी. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही म्हणजे कुणीतरी फोन करायचा, एवढंच त्याचं काम.

आता नंबरांचा क्रम. इथे घरोघरी एकच चूक होते, ती म्हणजे पहिला नंबर मुलाचा. मुलगा न्यू जर्सीत. प्रीपेड सिमवर आयएसडी चालू नसतं, म्हणजे तो फोन लागतच नाही आणि पहिलं मिनिट वाया जातं. जो चपला न घालता पोचू शकतो त्याचा नंबर पहिला, जिना उतरून येणाऱ्याचा दुसरा, रिक्षाने येणाऱ्याचा तिसरा. बंगळूरच्या मुलीचा चौथा. मुलाला तिने कळवायचं. अर्थात मुलाचा एक उपयोग कुणाच्या ध्यानात येत नाही. पुण्यात रात्री दोन वाजता सगळी सोसायटी झोपलेली असते, तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन-साडेचार असतात. शेजारी फोन उचलत नसतील तर सारखा फोन करत राहायला जागा माणूस तोच.

यादीतल्या प्रत्येकाने अलार्मचा नंबर नावानिशी साठवायचा, नाहीतर अनोळखी म्हणून तो कापला जातो. आयफोनवर त्या नंबराला ‘इमर्जन्सी बायपास’ लावला की फोन सायलेंट असला तरी वाजतो. अँड्रॉइडवर नंबर स्टार करून ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळायचा. हे सांगून भागत नाही. समोर बसून, त्यांचा फोन सायलेंट करून, बटण दाबून वाजतोय का ते बघावं लागतं.

रुग्णवाहिकेचं गणितही आधीच समजावून ठेवलं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत. पण बंगळूरहून मुलीने १०८ किंवा ११२ लावला तर तो कर्नाटकात लागतो, आणि अमेरिकेतून तर नाहीच लागत. म्हणून तो फोन पुण्यात असलेल्या माणसानेच करायचा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सल्ल्यासाठी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पडलेल्या माणसासाठी तो नंबर फिरवत बसू नये. साधा बटणांचा फोन असेल तर एक माहीत असू द्या, भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या अशा फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ लागावा असा नियम आहे. आपल्या फोनवर कोणतं बटण ते त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

इथपर्यंत सगळं जमलं, बेल वाजली, वहिनी धावल्या, हातात किल्ली. आणि दार उघडेना. आतून कडी.

या एका कडीपायी बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो. लॅचची किल्ली शेजाऱ्यांकडे असते, पण रात्री नऊ वाजता आजोबा लॅच लावतात, वरची कडी लावतात, खालची कडी लावतात आणि वर सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालतात. मग फोडल्याशिवाय दार उघडत नाही. ‘कडी काढली तर चोर येतील’, हे आजोबांचं म्हणणं खोटं नाही. तोडगा असा काढला: लाकडी दाराच्या दोन्ही कड्या काढून टाकल्या, नुसत्या ‘लावू नका’ म्हटल्याने भागत नाही. सेफ्टी डोअरला दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं चांगलं कुलूप बसवलं आणि रात्री तेच लावायचं ठरलं. पण आतल्या बाजूने किल्ली कुलपातच ठेवली तर कित्येक कुलपांत बाहेरून किल्ली शिरत नाही. त्यासाठी आत दाराशेजारी हूक. लॅचच्या आतल्या बाजूला एक खटकी असते, ती सरकवली की बाहेरून किल्ली फिरत नाही. ती स्क्रूने जाम केली. किल्ल्यांचे तीन जोड केले: समोर, खाली, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये सहीचा कागद चिकटवलेल्या बंद पाकिटात. वॉचमन रात्री आठला बदलतो आणि एजन्सी वर्षाला बदलते, म्हणून पाकिटाची नोंद सोसायटीच्या रजिस्टरमध्ये.

बाथरूमच्या दाराचंही तेच. ते आत उघडणारं असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडसर होतं, आणि जोर लावून ढकललं तर त्यालाच लागतं. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं. अर्ध्या दिवसाचं सुताराचं काम. आतल्या कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिट्टी बसवली.

आत शिरल्यावर काय करायचं, हे शेजाऱ्यांना आधीच सांगितलेलं असावं. पहिली ऊर्मी काखेत हात घालून उचलायची असते. तेच करू नये. आधी बोलायचं, दुखतंय कुठे ते विचारायचं. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका घ्यायची, हलवायचं नाही, पांघरूण घालून १०८. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी रुग्णालय. तासाहून जास्त वेळ फरशीवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसत्या पडून राहण्यानेच त्रास होतो. स्नायू दाबले जातात, अंग गार पडतं, पाणी कमी होतं. त्यामुळे उठून बसले तरी डॉक्टरांना दाखवायचं. गोळ्यांची यादी, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि विम्याच्या कार्डाची झेरॉक्स फ्रिजच्या बाजूला लावलेल्या पाकिटात. कपाटातल्या फाइलमध्ये ठेवली तर त्या गडबडीत कपाटाची किल्ली कुणालाच सापडत नाही.

तालीम आम्ही न सांगता घेतो. म्हणजे आजींना माहीत, मुलीला माहीत, बाकी कुणाला नाही. मंगळवारी दुपारी सव्वातीनला आजी बाथरूमच्या फरशीवर चटई टाकून बसल्या आणि खालचं बटण दाबलं. वहिनी अडीच मिनिटांत दाराशी आल्या, पण किल्ली शोधण्यात आणखी चार मिनिटं गेली, कारण ती मुलाच्या दप्तराखाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारामागे खिळा ठोकून दिला. खालच्या काकांचा फोन वाजलाच नाही. त्यांनी नवीन फोन घेतला होता आणि जुन्यातलं सेटिंग नव्यात आलं नव्हतं.

त्यानंतर दर महिन्याच्या १ तारखेला बटण दाबायचं ठरलं आहे. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी खूण करायची. सेल बहुतेक बटणांत सीआर२०३२ असतो. नवा सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या जरा वर दाखवतो. बटणावरचा दिवा मंद झाला किंवा रिसीव्हर एका दाबात वाजला नाही की बदलायचा, वर्ष व्हायची वाट बघायची नाही. जुना सेल कचऱ्याच्या डब्यात वर टाकू नका. तो लहान मुलांनी गिळला तर अन्ननलिका भाजते आणि सुट्टीत नातवंडं येतातच. या फ्लॅटमधला पहिला सेल सात महिन्यांनी उतरला. खालच्या बटणाचा होता. ओलाव्यामुळे त्याच्या पितळी पट्टीवर हिरवी पुटं चढली होती. ती पॉलिश पेपरने घासली, झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावलं, आणि त्या बटणासाठी सहा महिन्यांनी सेल बदलायचा असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं.